सोयाबीन विकावं की ठेवावं? आधी थांबण्याचा खर्च काढा

दसऱ्याच्या आसपास लातूर, उदगीर, हिंगोली, परभणीच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि घराघरात एकच वाद सुरू होतो: आता विकायचं की थांबायचं? एकजण म्हणतो दिवाळीनंतर भाव चढतो. दुसरा म्हणतो, मागच्या साली थांबून काय हाती लागलं? दोघंही भावाचा अंदाज बांधत असतात, आणि तो नेमका कुणालाच बांधता येत नाही, आडत्यालाही नाही आणि सोयाबीन गाळणाऱ्या प्लांटवाल्यालाही नाही. पण थांबायला आपल्याला क्विंटलमागं किती खर्च येतो हे वहीवर दहा मिनिटांत काढता येतं. हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा निघतो. त्यामुळं एकाच भावात शेजाऱ्यानं थांबणं बरोबर आणि तुम्ही विकून मोकळं होणंही बरोबर, असं होऊ शकतं.

"थांबलं की भाव वाढतोच" ही समजूत आधी बाजूला ठेवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्या दिवाळीत ज्यांनी माल ठेवला त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यात सात हजारांपर्यंत भाव मिळाला. तो अनुभव डोक्यात धरून पुढच्या दोन हंगामांत गावोगाव माल धरला गेला, आणि दोन्ही वेळा उन्हाळ्याचा भाव दिवाळीच्या भावाच्या खाली राहिला. एका सालचा फायदा बघून पुढच्या सालचा निर्णय घेतला की असं होतं.

प्लांटवाला भाव कसा काढतो

सोयाबीन आपण तेलबिया म्हणून पेरतो, पण त्याचा भाव मुख्यतः पेंड ठरवते. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८१ किलोच्या आसपास पेंड निघते, बाकीची घट. ही पेंड म्हणजेच बाजारात ज्याला डीओसी म्हणतात ती. समजा तेल ११० रुपये किलो आणि पेंड ३३ रुपये किलो आहे. तेलाचे झाले १,९८० रुपये, पेंडीचे २,६७३. एकूण ४,६५३. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक आणि स्वतःची कमाई वजा करून प्लांटवाला उरलेला भाव देतो. आकडे उदाहरणाचे आहेत, रोज बदलतात. रीत मात्र हीच.

आता तेल किलोमागं ५ रुपयांनी वाढलं तर क्विंटलला ९० रुपयांची भर पडते. पेंड किलोमागं ५ रुपयांनी उतरली तर ४०५ रुपये जातात. म्हणून टीव्हीवर "खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं" अशी बातमी आली की लगेच माल धरू नका. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं गेलं, तरी त्या हंगामात खुल्या बाजारातला भाव ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिला. कारण पेंडीला उठाव नव्हता. धान्यापासून इथेनॉल करताना निघणारा डीडीजीएस हा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता, आणि परदेशात अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त मिळत होती. पुढं मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणलं गेलं. शुल्क सरकार कधीही चढवू-उतरवू शकतं. त्यावर सहा महिन्यांचा बेत आखता येत नाही.

जागतिक भाव बघायचा तर शिकागो बाजाराचा आकडा घ्या. तो बुशेलमागं सेंटमध्ये असतो आणि सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. १,००० सेंट म्हणजे १० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला सुमारे ३,१२५ रुपये होतात. आपल्याकडचा भाव याच्या बराच वर असेल तर आपली पेंड परदेशात खपणं अवघड, आणि इथला भाव आणखी चढायला जागा कमी. पूर्वी आपल्याकडं वायदे बाजारात पुढच्या महिन्यांचे भाव दिसायचे. २० डिसेंबर २०२१ ला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीन, हरभरा, गव्हासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ही बंदी वेळोवेळी वाढवत नेली. तेव्हापासून शेतकऱ्याला पुढचा भाव दाखवणारी ती खिडकी मिटली. थांबण्याचा हिशेब स्वतः करणं त्यामुळंच जास्त गरजेचं झालं आहे.

ओलावा: पैसा इथंच सगळ्यात जास्त मुरतो

हडंब्यातून (मळणी यंत्रातून) पडलेल्या मालात ऑक्टोबरच्या पावसात १६ ते १८ टक्के ओलावा सहज असतो. प्लांटची खरेदीची अट साधारण "१०-२-२" अशी असते: ओलावा १० टक्के, काडीकचरा-माती २ टक्के, डागी माल २ टक्के. हमीभाव केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो १५ पर्यंत शिथिल केला होता, पण ती सूट त्या हंगामापुरती होती.

माल वाळला की वजन किती घटतं याचं गणित बरेचजण चुकवतात. १६ टक्क्यांचा माल १० वर आणला म्हणजे ६ किलो कमी झाले, असं नाही. १०० किलोत कोरडा दाणा ८४ किलो. तोच ८४ किलो दाणा आता मालाच्या ९० टक्के आहे. म्हणून ८४ ला ०.९० नं भागा: ९३.३ किलो. म्हणजे घट ६.७ किलोची. १४ वरून १० वर आणलं तर ९५.६ किलो उरतं, १५ वरून १२ वर आणलं तर ९६.६.

यावरून वाळवायचं की तसंच विकायचं हे ठरवा. १६ टक्क्यांच्या मालाला आज ४,००० मिळत असतील तर ४,००० ला ०.९३३ नं भागा. उत्तर ४,२८६. वाळलेल्या मालाला यापेक्षा जास्त भाव मिळत असेल तरच वाळवण्यात फायदा, आणि त्यातूनही मजुरी वजा करायची. वाळला माल ४,५०० नं जात असेल तर ९३.३ किलोचे ४,२०० होतात; क्विंटलमागं २०० रुपये सुटले. ४,३०० नंच जात असेल तर दोन दिवसांची राबणूक फुकट गेली. बहुतेक वेळा ओल्या मालाची कपात घटीपेक्षा जास्त असते, म्हणून वाळवणं परवडतं. पण तोंडी ऐकून नको, भागाकार करून बघा.

ओलावा मोजायला नमुना नीट घ्या. ढिगाचा वरचा थर उन्हानं कडक झालेला असतो आणि आत हात घातला तर दमट लागतो. ढिगाच्या पाच-सहा जागी कोपरापर्यंत हात घालून मूठ-मूठ दाणा काढा, एकत्र करा आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून मार्केटात किंवा शेतकरी कंपनीच्या मीटरवर न्या. उघड्या पिशवीत गाडीवर नेलेला नमुना वाटेतच वाळतो. मग घरी १२ समजून नेलेला माल काट्यावर १४ निघतो आणि भांडण लागतं.

वाळवताना ताडपत्रीवर दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर नको. तासा-दोन तासाला पाय फिरवा. दिवस कलला की गोळा करून झाका, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरचं दव दिवसभराची कमाई रात्रीत परत घेतं. डांबरी रस्त्यावर वाळवलेल्या मालात खडे येतात आणि ते काडीकचऱ्यात धरले जातात. उलट बाजूनं, १० च्या खाली ८ टक्क्यांपर्यंत नेऊ नका: क्विंटलमागं आणखी २.२ किलो वजन जातं, दाण्याची डाळ होते, आणि त्याचा जादा भाव कुणी देत नाही.

बनीम (कापून रचलेली गंजी) पावसात भिजली असेल तर तो माल वेगळा मळा, वेगळा भरा. चांगल्या वीस कट्ट्यांत दोन डागी कट्टे मिसळले की सगळ्या बावीस कट्ट्यांना डागीचा भाव लागतो.

थांबण्याचा खर्च

आता मूळ हिशेब. माल १२ टक्के ओलाव्याचा, आजचा भाव ४,५००, आणि चार महिने थांबायचं आहे. कृषी केंद्राची किंवा सावकाराची उधारी शेकडा २ रुपये महिन्यानं चालू असेल तर माल न विकल्यामुळं क्विंटलमागं महिन्याला ९० रुपये व्याज चढतं, चार महिन्यांचे ३६०. बारदाना, कट्टे भरणं, चढ-उतार मिळून ४० रुपये धरू. उन्हाळ्यापर्यंत माल १२ वरून १० टक्क्यांवर येतो, म्हणजे १०० किलोचे ९७.८ किलो उरतात. तेव्हा ४,५०० अधिक ४०० म्हणजे ४,९००, भागिले ०.९७८. उत्तर ५,०१० रुपये. चार महिन्यांनी भाव ५,०१० झाला तर तुम्ही आजच्याच जागी आहात. कमाई त्याच्या पुढं सुरू होते. कोरड्या मालाला थोडा चढा भाव मिळून घटीतलं काही भरून येतं, तरी पाचशेच्या आसपासची ही चढण लक्षात ठेवा.

ज्याच्या डोक्यावर उधारी नाही आणि पैसा बँकेत बचत खात्यातच पडणार आहे, त्याचं हेच गणित दीडशे-दोनशे रुपयांत बसतं. तो थांबू शकतो. महिना दोन टक्क्यांची उधारी अंगावर असणाऱ्यानं त्याचं बघून थांबू नये. आमचं ठाम मत आहे की उधारीएवढा माल पहिल्या आठवड्यात विकून ती फेडावी. महिना दोन टक्क्यांचं व्याज वाचवणं ही बसल्या जागची खात्रीची कमाई आहे. पीककर्जाचंही तसंच. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळं ते बिनव्याजी पडतं, तारीख चुकली की सवलत जाते. बँकेत जाऊन आपल्या खात्याची नेमकी तारीख विचारा आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पैशाची गरज आहे पण भाव पटत नाही, अशांसाठी तारण कर्ज आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवलं की त्या दिवशीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी सालीना ६ टक्क्यांनी मिळते. वरच्याच उदाहरणात ४,५०० चे ७५ टक्के म्हणजे ३,३७५ रुपये आज हातात, आणि चार महिन्यांचं व्याज साडेसदुसष्ट रुपये. त्या पैशांतून उधारी मिटली तर थांबण्याची किंमत ५,०१० वरून ४,७१० च्या आसपास उतरते. माल शेतकऱ्याचा स्वतःचा लागतो, सातबारा आणि पीकपेरा लागतो. १८० दिवस उलटले की व्याजाचा दर वाढतो, म्हणून मुदतीआधी माल सोडवून विका. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत. काढणीआधीच चौकशी करा, काढणीनंतर गोदामं भरलेली असतात. वखार महामंडळाच्या नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती दाखवून बँकेतूनही असं कर्ज मिळतं. दोन्हीकडं ओला माल घेत नाहीत.

घरीच ठेवणार असाल तर कट्टे जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर. भिंतीपासून हातभर अंतर. थप्पी सात-आठ कट्ट्यांच्या वर नको, खालचा दाणा दबून फुटतो. खताच्या रिकाम्या पोत्यांत भरू नका.

हमीभावाच्या रांगेत उभं राहावं का

२०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. बाजारात ४,४०० चालू आहेत आणि तुमचा माल १४ टक्क्यांचा आहे, असं समजा. १२ वर आणला की ९७.७ किलो उरतो. त्याचे ५,२०७ रुपये. नंबर लागून पैसे यायला दीड महिना गेला आणि उधारी दोन टक्क्यांची असली तरी १३२ रुपयेच जातात. वाहतूक-मजुरीआधी क्विंटलमागं पावणेसातशे रुपये जास्त राहतात. एवढ्या फरकात रांग परवडते. फरक दोनशेच्या आत आला की परवडत नाही.

अडचणी कुठं येतात? सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसते, कारण ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) राहून गेलेली असते. आधारशी जोडलेलं बँक खातं चालू नसतं. एकरी किती क्विंटल घ्यायचं याची मर्यादा जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरते, त्यामुळं सगळा माल बसत नाही. आणि २०२४ च्या हंगामात झालं तसं बारदाना संपून केंद्रं थांबतात. या योजनेत राज्याच्या उत्पादनाच्या साधारण पाव हिश्शापर्यंतच खरेदी होते, तेव्हा नोंदणी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसांत नाव लावलं पाहिजे. नोंदणी केली म्हणजे माल तिथंच घालावा लागतो असं नाही; मधे बाजार चढला तर बाहेर विकता येतो.

तुकड्यांनी विका, तारीख लिहून विका

३० क्विंटल माल असेल तर तो आमच्या मते असा जावा. डागी आणि भिजलेला माल सगळ्यात आधी, मिळेल त्या भावात. तो ठेवला की आणखी बिघडतो. त्यासोबत हडंब्याचं भाडं, काढणीची मजुरी, हरभऱ्याचं बियाणं-खत आणि उधारी भागेल एवढा चांगला माल. भाव हमीभावाच्या बराच खाली असेल तर दुसरा हिस्सा केंद्रावर. उरलेला तिसरा हिस्सा ठेवायचा असेल तर भिंतीवर तीन गोष्टी लिहा: कोणत्या भावाला विकणार, भाव किती खाली आला तर आणखी न थांबता विकणार, आणि कोणत्या तारखेनंतर भाव काहीही असो विकणार. तिसरी गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि तिथंच फसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझीलचा माल जगाच्या बाजारात उतरतो, तेव्हा त्याआधीची एखादी तारीख धरणं चांगलं.

भाव वाचतानाही एक चूक नेहमी होते. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो कमाल दर. तो कधीकधी बियाण्यासाठी घेतलेल्या मोजक्याच निवडक मालाचा असतो. आपला माल स्वच्छ आणि कोरडा असेल तर सर्वसाधारण दराशी तुलना करा, कमालशी नको.

प्लांटचा भाव यार्डापेक्षा जास्त दिसला तर आधी अट विचारा: हा भाव किती ओलाव्याला आहे, वरच्या प्रत्येक टक्क्याला किती कापता, पैसे किती दिवसांनी? एकट्याच्या आठ-दहा क्विंटलसाठी गाडी परवडत नाही. सात-आठ जणांनी किंवा शेतकरी कंपनीनं मिळून ट्रक भरला तर परवडते, पण मग सगळ्यांचा माल मीटरवर सारखा असला पाहिजे. एकाच्या ओल्या मालानं पूर्ण गाडीची कपात वाढते.

यार्डात काट्यापाशी स्वतः उभं राहा. क्विंटलमागं एक किलो कडता (वजनातली कपात) कापला तर ४,५०० च्या भावात ४५ रुपये, तीस क्विंटलला १,३५० रुपये गेले. असा कडता द्यायची गरज नाही. हिशेबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहून घ्या. बाजार फी खरेदीदारानं भरायची असते, तुमच्या पट्टीत ती दिसता कामा नये.

गव्हाला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. गव्हाच्या बाजारात सरकार स्वतः सगळ्यात मोठा खरेदीदार आणि सगळ्यात मोठा विक्रेताही आहे. १३ मे २०२२ ला निर्यात बंद झाली, आणि भाव चढला की सरकार गोदामातला गहू खुल्या बाजारात काढतं, व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घालतं. २०२६-२७ च्या हंगामाचा हमीभाव २,५८५ रुपये आहे. मराठवाड्यात गहू बहुतेक घरापुरताच असतो. जास्तीचे दहा-पंधरा कट्टे असतील तर यार्डापेक्षा ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर्षाचा गहू म्हणून चाळून, निवडून दिलेला चांगला पडतो.

सोयाबीनचा शेवटचा हिस्सा विकण्याआधी बियाण्याचा विचार करा. घरचं बियाणं ठेवायचं तर ते मळतानाच वेगळं काढा, हडंब्याचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवून; सोयाबीनचं साल पातळ असतं आणि जोरात आपटलेला दाणा वरून धड दिसला तरी उगवत नाही. त्याच कारणानं हे कट्टे फेकू नयेत. मेच्या मध्यावर ओल्या गोणपाटात शंभर दाणे रांगेनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि सातव्या दिवशी मोजा. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले तर एकरी ३० किलोनं पेरा. साठच आले तर ३५ किलो लागतील. त्याहून खाली गेलं तर ते कट्टे पाऊस पडायच्या आत मार्केटात घाला आणि पेरणीचं बियाणं दुसरीकडून आणा.